सख्खा की सख्खा चुलत? जेनेटिक्सच्या ओपीडीत इंटर्नशिप करायची तर

"नीटला मार्क कमी पडले, बीएस्सी बायोटेकला आले, पण पेशंटशी संबंध येईल असं काहीतरी करायचंय." सुट्टीत कोल्हापूरला गेले की असं सांगणारी दोन-चार मुलं-मुली भेटतातच. त्यांचा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "मॅडम, पीसीआर करायला मिळेल ना?" मिळेल, डीएनएच्या प्रती वाढवायचा हा प्रयोग बऱ्याच ठिकाणी करायला मिळतो. पण जेनेटिक्सच्या ओपीडीला पदवीच्या विद्यार्थ्याची खरी गरज पडते ती केसपेपर लिहिताना. समोर बसलेल्या आजीला घरची नाती विचारायची, तिनं सांगितली तशी कागदावर उतरवायची आणि शंका आली तर पुन्हा विचारायचं. हे ज्याला जमतं त्याच्या नावानं डॉक्टर दुसऱ्याच आठवड्यात हाका मारायला लागतात. कोल्हापूरकडच्या मुलांना ते लवकर जमतं, कारण नात्यांची ही भाषा घरात रोज कानावर पडलेली असते.

मी कोल्हापुरातच बीएस्सी केलं, पुढं जेनेटिक कौन्सेलिंगमध्ये, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबांना समजावून सांगण्याच्या कामात, एमएस्सी केलं आणि आता एका दवाखान्यात तेच काम करते. मुलांना तोंडी सांगून सांगून जे पक्कं झालंय, ते इथं क्रमानं लिहिते.

आपण कोण आहोत हे आधी ठरवा

दवाखान्यात 'इंटर्न' म्हणजे एमबीबीएस संपवून सक्तीचं वर्ष करणारा डॉक्टर. बीएस्सीचा विद्यार्थी 'इंटर्नशिप पाहिजे' म्हणून कार्यालयात गेला की समोरच्याच्या डोक्यात तोच अर्थ येतो आणि अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन पडतो. म्हणून अर्जात 'प्रकल्प विद्यार्थी' किंवा 'ऑन जॉब ट्रेनिंग' असं स्पष्ट लिहा आणि खाली कॉलेजचं पत्र जोडा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर हे प्रशिक्षण अभ्यासक्रमाचाच भाग झालंय. यूजीसीच्या हिशेबानं इंटर्नशिपचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. चार क्रेडिटचे होतात १२० तास.

हे १२० तास सलग २० दिवसांत उरकू नका, असा माझा आग्रह आहे. गुणसूत्रांच्या तपासणीचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात, एक्झोमला, म्हणजे सगळ्या जनुकांचे प्रथिनं घडवणारे भाग वाचणाऱ्या तपासणीला, महिना-दीड महिना. २० दिवसांत तुम्हाला आलेले पेशंट दिसतील, पण त्यांचं पुढं काय झालं ते दिसणार नाही. आठवड्याला दोन दिवस, असे दहा आठवडे मागा. पहिल्या आठवड्यात रक्त देऊन गेलेलं कुटुंब रिपोर्टसाठी परत येतं तेव्हा तुम्ही तिथं असायला हवं. मी या कामात टिकले ती अशाच एका परतीच्या भेटीमुळं.

तीन महिने आधीची तयारी

पहिलं काम लसीचं. रक्ताच्या नमुन्यांजवळ जायचं तर हेपॅटायटिस बीची लस झालेली हवी. तिचे तीन डोस असतात: पहिला, मग एका महिन्यानं दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. लहानपणी झाली असेल तर घरातलं लसीकरणाचं कार्ड शोधा. नसेल तर अर्ज करण्याच्या कितीतरी आधी सुरुवात करावी लागेल. ऐनवेळी पळापळ होते ती इथंच.

दुसरं, अभ्यास. मेंडेलचे वाटाणे कॉलेजात झालेले असतात. इथं चार गोष्टी इतक्या पक्क्या हव्यात, की शेजारच्या काकूंना मराठीत सांगता आल्या पाहिजेत. आई-वडील दोघं एकाच आजाराचे वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून सदोष जनुक बाळगणारे, असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. आई एक्स गुणसूत्रावरच्या आजाराची वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. डाऊन सिंड्रोमच्या साधारण ९५ टक्के मुलांत २१ नंबरचं गुणसूत्र सुटं आणि जादा असतं, थोड्यांत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं आणि तसं असेल तर आई-वडिलांचीही तपासणी लागते. चौथी गोष्ट लोकांना सगळ्यात अवघड जाते: पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन चांगली होतील, असा हिशेब नसतो. दर खेपेला चिठ्ठी नव्यानं निघते.

तिसरं, एका रविवारी आजीजवळ बसून स्वतःच्या घराची वंशावळ काढा. तीन पिढ्या, आईकडची आणि वडिलांकडची, दोन्ही. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आतून भरायचं, वारलेल्यावर तिरकी रेघ, ज्याच्यासाठी दवाखान्यात आलो त्याला बाण. भावंडं मोठ्यापासून धाकट्याकडं, डावीकडून उजवीकडं. नात्यात लग्न असेल तर नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ. गर्भपात झाला असेल तर छोटा त्रिकोण. पिढ्यांना रोमन आकडे. खाली तारीख, माहिती कुणी सांगितली आणि कुणी लिहिली ते. पहिल्या वेळी तास-दीड तास लागेल. अशा पाच-सहा काढल्या की वीस मिनिटांवर येतं. अर्जासोबत यातली एखादी नावं काढून जोडा. प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा तो एक कागद जास्त बोलतो.

कुठं विचारायचं

कोल्हापुरात 'जेनेटिक्स विभाग' अशी पाटी शोधत फिरू नका. हे काम वेगवेगळ्या खोल्यांत वाटलेलं असतं. सीपीआर, म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, तिथला बालरोग विभाग आणि स्त्रीरोग विभाग बघा. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला येणारी थॅलेसेमियाची मुलं, हिमोफिलियाची मुलं, पुन्हा पुन्हा गर्भपात होणारी जोडपी याच विभागांकडं येतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी होते आणि जन्मजात दोष किंवा वाढीत मागं पडलेली मुलं जिल्ह्याच्या डीईआयसीकडं, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या केंद्राकडं, पाठवली जातात. जन्मजात बहिरेपण, दुभंगलेला ओठ, डाऊन सिंड्रोम, वाकडी पावलं, हे सगळं एका छताखाली बघायचं तर याहून चांगली जागा नाही, आणि तिथं लिहिणारे हात नेहमीच कमी असतात.

कसबा बावड्यात डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय आणि संशोधन केंद्र आहे. शिवाजी विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, प्राणिशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विभाग एकाच आवारात आहेत. संख्याशास्त्राचं नाव मी मुद्दाम घेतलं. जेनेटिक्सच्या संशोधनात आकडेमोड येणाऱ्या माणसाची चणचण असते आणि बीएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या मुलांना हा दरवाजा आपला आहे हे कुणी सांगतच नाही.

गांधीनगरचाही विचार करा. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं वळिवडेच्या छावणीत आली आणि त्यातून ही बाजारपेठ उभी राहिली. सिंधी, कच्छी, लोहाणा, पंजाबी अशा काही समाजांत बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. लग्नाआधीच्या तपासणीबद्दल जागृतीचं काम, समाजातल्या मंडळींना सोबत घेऊन आणि एखाद्या रक्तकेंद्राच्या मदतीनं, इथं करण्यासारखं आहे. मात्र 'तुमच्या समाजात हा आजार आहे' अशी सुरुवात केलीत तर दार बंद होईल. वाहक माणूस आजारी नसतो, ही सुरुवात.

बाहेर जायची तयारी असेल तर बेळगाव अडीच तासांवर आहे. तिथं केएलईचं बेसिक सायन्स रिसर्च सेंटर आहे. रात्री कोल्हापुरातून महालक्ष्मी धरली की सकाळी दादर. तिथून जवळच परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे, १९५७ मध्ये रक्तगटांच्या संदर्भ केंद्रापासून सुरू झालेली. परळलाच प्रजनन आणि बालआरोग्य संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही आहे. हैदराबादला सीडीएफडी (डीएनए फिंगरप्रिंटिंगचं केंद्र) आणि सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्राचं केंद्र). उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठी देशातल्या तीन विज्ञान अकादमींची मिळून एक फेलोशिप असते, तिचे अर्ज आदल्या वर्षी नोव्हेंबरच्या आसपास भरावे लागतात. आपल्याकडची मुलं मार्चमध्ये चौकशी करतात आणि हळहळतात. एमबीबीएस-बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची एसटीएस ही अल्पमुदतीच्या संशोधनाची योजना १९७९ पासून चालू आहे. ती बीएस्सीवाल्यांसाठी नाही, उगाच वेळ घालवू नका.

अर्ज

सरकारी दवाखान्यात अर्ज आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या आणि ती प्रत घेऊन विभागप्रमुखांना भेटा. ओपीडीच्या वेळेत जाऊ नका. दुपारी दोननंतर गर्दी ओसरलेली असते.

मजकूर दहा ओळींपेक्षा जास्त नको. साधारण असा:

'मी बीएस्सी तिसऱ्या वर्षाची प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. जुलै ते सप्टेंबर दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊ ते तीन मी येऊ शकते. तीन पिढ्यांची वंशावळ काढता येते, नमुना जोडला आहे. एक्सेलमध्ये माहिती भरणं आणि तपासणं येतं. मराठी आणि कानडी बोलता येतं. हेपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झाले आहेत. पेशंटची कोणतीही माहिती बाहेर नेणार नाही असं लेखी देण्याची तयारी आहे. महाविद्यालयाचं पत्र सोबत आहे.'

'लहानपणापासून विज्ञानाची आवड' वगैरे काहीही नको. कानडी येत असेल तर नक्की लिहा. गडहिंग्लज, चंदगड आणि सीमेपलीकडून येणाऱ्या कुटुंबांसाठी ते फार मोलाचं असतं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा प्रत्यक्ष जा. तीन ठिकाणी एकाच वेळी अर्ज करायला हरकत नाही, पण एकीकडं होकार दिलात की उरलेल्यांना त्याच दिवशी कळवा.

केसपेपर आणि वंशावळ

इथं मी जास्त थांबणार आहे, कारण इंटर्नशिपचा जीव इथं आहे.

माझ्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. सात वर्षांचा मुलगा होता. जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात टेकत टेकत उठायचा, पोटऱ्या फुगलेल्या. आई म्हणाली, "ह्याचा भाऊ बी असाच हुता. तेराव्या वर्षी गेला." मी मुलाच्या शेजारी दुसरा चौकोन काढला, आतून भरला, वर तिरकी रेघ मारली. आमच्या डॉक्टर मॅडमनी कागद बघितला आणि एकच शब्द विचारला, "सख्खा?" मी आईकडं वळले. "न्हाई वं. माझ्या थोरल्या बहिणीचा. पण दोघं एकाच घरात वाढली."

मावसभाऊ. चौकोन एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेला आणि सगळा अर्थच पालटला. दोन सख्ख्या बहिणींच्या मुलांना एक्स गुणसूत्रावरचा तोच स्नायूंचा आजार, म्हणजे तो आईकडून, बहुधा आजीपासून आलेला. म्हणजे आजीच्या उरलेल्या प्रत्येक मुलीला वाहक असण्याची शक्यता निम्मी. धाकटी मावशी बाहेर बाकावर पिशवी धरून बसली होती. तिचं लग्न ठरत होतं. माझ्या पहिल्या कागदावर ती नव्हतीच.

तेव्हापासून 'भाऊ' हा शब्द ऐकला की मी पेन उचलते. आपल्याकडं चुलतभाऊ, मावसभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ सगळे बोलण्यात भाऊच. त्यातही 'सख्खा चुलत' हा शब्द घात करतो. घाईत फक्त 'सख्खा' ऐकू येतं आणि वडिलांच्या भावाचा मुलगा आईच्या पोटचा होऊन बसतो. म्हणून विचारायचं: "एका आईचे का?" पण भाषेनं एकदा नातं नीट सांगितलं की तिच्याइतकी अचूक गोष्ट नाही. इंग्रजीत 'कझिन' म्हटलं की आईकडचा की वडिलांकडचा ते कळत नाही. मराठीत मामेभाऊ म्हटलं की अर्धी वंशावळ आपोआप उभी राहते.

'वंशावळ' हा शब्द मात्र पेशंटसमोर वापरू नका. लोकांना तो जातपडताळणीच्या कागदपत्रांतून माहीत आहे. तो ऐकला की आजोबा-पणजोबांची नावं सुरू होतात आणि लेकी-सुना गळतात. आपल्याला तर लग्न करून दुसऱ्या घरी गेलेल्या लेकींच्याच फांद्या हव्या असतात. "घरातल्या सगळ्यांची माहिती सांगा, लेकींचीसुद्धा" असं म्हणा.

नात्यातल्या लग्नाबद्दल थेट विचारलं तर अनेकदा 'नाही' असंच उत्तर येतं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. मामाची मुलगी करणं आपल्या भागात इतकं रुळलेलं आहे, की ते सांगण्यासारखं वाटतच नाही. मी विचारते: "सासूबाईंना काय म्हणता?" "आत्या." इथं थांबायचं नाही, कारण कोल्हापूरकडं सुना सासूला तसंही आत्याच म्हणतात. पुढचा प्रश्न महत्त्वाचा: "लग्नाच्या आधीपासून आत्या म्हणत होता?" तेव्हा आजी मध्येच बोलते, "मग! माझ्या भावाचीच पोरगी केलिया." झाली दुहेरी रेघ. मग माहेरचं गाव, आईचं माहेर, सासूचं माहेर विचारा. गाव एकच निघालं तर आणखी खोलात जा. साटंलोटं झालं असेल, म्हणजे दोन घरांनी एकमेकांत भाऊ-बहीण देऊन-घेऊन लग्नं केली असतील, तर दोन्ही जोडप्यांची मुलं दोन बाजूंनी भावंडं होतात. ते कागदावर दिसलं पाहिजे.

हे विचारताना चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही. मामे-आतेभावंडांच्या जनुकांचा साधारण आठवा हिस्सा सामायिक असतो आणि मुलात जन्मजात दोष असण्याची शक्यता इतर जोडप्यांपेक्षा साधारण दोन ते तीन टक्क्यांनी वाढते. म्हणजे बहुसंख्य मुलं चांगलीच असतात. 'नात्यात केलं म्हणून असं झालं' हे वाक्य तुमच्या तोंडून जाता कामा नये. ते कसं सांगायचं आणि सांगायचं की नाही, हे डॉक्टर किंवा कौन्सेलर ठरवतील.

गर्भपात, जन्मतःच गेलेलं बाळ, पहिलं लग्न, हे आईला एकटीला विचारा, सासूसमोर नको. 'पोट पडलं' आणि 'पाडलं' यात एका अक्षराचा फरक आहे आणि त्यामागं आख्खं आयुष्य असू शकतं. नीट ऐकू आलं नाही तर हळू आवाजात पुन्हा विचारा, अंदाजानं लिहू नका. तिला रडू आलं तर पेन खाली ठेवा.

लक्षणं आधी आईच्या शब्दांत लिहा: 'मान धरली नाही', 'आकडी येते', 'पाऊल तिरकं पडतं', 'हाक मारली तर बघत नाही'. त्याचं शास्त्रीय नाव शेजारच्या रकान्यात डॉक्टरांना विचारून. उलटं केलंत तर आई नेमकं काय म्हणाली होती ते कायमचं हरवतं.

नमुना, ट्यूब आणि लेबल

रक्त काढणं तुमचं काम नाही, ते सिस्टर किंवा टेक्निशियन करतात. तुमचं काम लक्ष ठेवण्याचं. डीएनएसाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब, गुणसूत्रांच्या तपासणीसाठी हिरव्या टोपणाची हेपॅरिनची. ट्यूब हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटसुलट करायची, जोरात हलवायची नाही. गुणसूत्रांच्या नमुन्यातल्या पेशी जिवंत राहायला हव्यात, तो कधीही फ्रीझरमध्ये जाता कामा नये. प्रयोगशाळेत त्या पेशी साधारण ७२ तास वाढवतात, विभाजनाच्या मध्यावर थांबवतात, मग स्लाइडवर पसरवून रंगवतात. तेव्हा कुठं ती ४६ पट्टेरी गुणसूत्रं दिसतात. पहिल्यांदा स्वतः मोजाल तो दिवस विसरणार नाही.

थॅलेसेमियाच्या तपासणीआधी एक प्रश्न विसरायचा नाही: "शेवटचं रक्त कधी चढवलं?" नुकतंच चढवलेलं असेल तर रिपोर्टमध्ये रक्त देणाऱ्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं दिसतं आणि निदान चुकतं. हा प्रश्न डॉक्टरांच्या घाईत राहून जाऊ शकतो. तुमच्या राहू नये.

लेबल पेशंटसमोर लावा, नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही घालून, आणि नाव त्यांच्याकडून वदवून घ्या. चंदगडहून पहाटेची एसटी धरून आलेल्या बापाला 'नमुना खराब झाला, परत या' म्हणणं म्हणजे त्याचा आणखी एक दिवसाचा रोज बुडवणं.

जे कधीही बोलायचं नाही

गर्भजलाच्या तपासणीत गुणसूत्रं दिसतात, म्हणजे लिंगही दिसतं. गर्भलिंग सांगणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रानं याविरुद्ध १९८८ मध्येच कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि कायद्यात मानद तत्त्वावर काम करणाऱ्यांचाही उल्लेख आहे. 'मी तर फक्त विद्यार्थी' ही पळवाट नाही. आपल्या जिल्ह्याला याची आठवण करून द्यावी लागते हे दुःखाचं आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापुरात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. तुम्ही 'त्या' लॅबमध्ये जाता हे कळलं की लग्नकार्यात एखादी आत्या कोपऱ्यात घेऊन विचारेल. शब्दानं, हसण्यानं, खुणेनं, कशानंही उत्तर द्यायचं नाही. रुजू होण्याआधी त्या केंद्राची याच कायद्याखालची (पीसीपीएनडीटी) नोंदणी भिंतीवर लावलेली आहे का ते बघा. ती दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. नसेल तर तिथून परत फिरा.

बाकी गुप्तता: स्वतःच्या फोनवर पेशंटचा फोटो नाही, रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर नाही, घरी जेवताना 'आज एक केस आली' हेही नाही. कोल्हापूर लहान आहे. गाव, आजार आणि आडनावाचं पहिलं अक्षर एवढ्यावर लोक माणूस ओळखतात. लग्नाच्या वयाच्या मुलीबद्दल असं काही फुटलं तर त्याची भरपाई कुणीच करू शकत नाही.

संशोधनाचा भाग

स्वतःचा नवा अभ्यास काढायच्या भानगडीत पडू नका. नैतिकता समितीची (एथिक्स कमिटीची) मंजुरी मिळायला महिने जातात. आधीच मंजूर असलेल्या अभ्यासात तुमचं नाव जोडून घ्यायला सांगा. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा, निदान संमतीचं प्रकरण तरी. सात वर्षांपासून पुढच्या मुलांना, पालकांच्या संमतीबरोबरच, त्यांना समजेल असं विचारून त्यांचाही होकार घ्यावा लागतो. संमतीपत्र मराठीत मोठ्यानं वाचून दाखवणं हे काम तुम्ही फार चांगलं करू शकता.

एक्सेलमध्ये नाव नको, सांकेतिक क्रमांक टाका. नाव-क्रमांकाची यादी वेगळी, कुलपात. तारीख सगळीकडं एकाच पद्धतीनं. माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवू नका, शून्यही टाकू नका, 'माहिती नाही' असा ठरलेला संकेत वापरा.

रिपोर्टमध्ये सापडलेला जनुकीय बदल तपासायला ओमिम, क्लिनव्हार, नोमॅड या खुल्या साइट आहेत. भारतीयांच्या १,०२९ जीनोमवरची इंडिजीनोम्सही बघा. बदलांचे, निरुपद्रवीपासून आजार करणाऱ्यापर्यंत, पाच वर्ग असतात. मधला वर्ग 'अर्थ अजून निश्चित नाही' असा. आपल्या लोकांची माहिती जगाच्या साठ्यात कमी आहे, म्हणून आपल्याकडच्या रिपोर्टांत हा वर्ग फार दिसतो. अशा बदलाला आजाराचं कारण समजून बोलून बसणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

पैसे

बहुतेक ठिकाणी विद्यावेतन मिळत नाही. प्रवास आणि जेवणाचा खर्च धरून चाला. आणि पैसे भरून मिळणाऱ्या 'इंटर्नशिप'पासून सावध राहा. मी दुसऱ्या वर्षाला असताना एका संस्थेनं 'जीनोमिक्स इंटर्नशिप' म्हणून फी घेतली, चार ऑनलाइन व्हिडिओ दाखवले आणि रंगीत प्रमाणपत्र पाठवलं. वडिलांनी ते पैसे कसे जमवले होते ते मला माहीत होतं. ते प्रमाणपत्र पुढं कुणी बघितलंही नाही. प्रत्यक्ष प्रयोगशाळेत शिकवणाऱ्या काही चांगल्या संस्था साहित्याचा खर्च घेतात, ते वेगळं. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा: माझ्यावर देखरेख कोण करणार, मी कोणत्या खोलीत बसणार आणि मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याशी बोलता येईल का.

शेवटचे दोन आठवडे

रोजची वही ठेवली असेलच: तारीख, तास, काय केलं, काय नवीन कळलं. त्यावर आठवड्याला सही घेत जा, शेवटी एकदम मागू नका. प्रमाणपत्रात तास आणि केलेली कामं लिहून मागा. शिफारसपत्र लगेच लागणार नसेल तरी विचारून ठेवा. सहा महिन्यांनी तुमचा चेहरा त्यांना आठवेल, काम आठवेलच असं नाही.

या काळात कुटुंबांसाठीही काही करता येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी येतात, हे अनेक पालकांना माहीत नसतं. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज भरून देणं हे अर्ध्या तासाचं काम, पण त्या घराला ते पुढं वर्षानुवर्षं उपयोगी पडतं.

आणि जाण्याआधी 'रिपोर्ट बाकी' अशी यादी करून पुढच्या माणसाच्या हातात द्या. तुम्ही ज्यांच्याशी बोललात त्यातल्या काहींचे रिपोर्ट तुम्ही गेल्यावर येणार. क्रमांक, कोणती तपासणी, नमुना कधी गेला, कधी अपेक्षित आहे. फोन नंबरापुढं तो कुणाचा आहे आणि कधी लावायचा तेही लिहा. घरचा एकुलता फोन थोरल्या मुलाच्या खिशात असतो, तो शिरोली एमआयडीसीत पाळीवर असतो आणि दुपारी उचलत नाही. रात्री आठनंतर लावला तर आईच घेते.